वाचक विचारतात : संशोधन म्हणजे नेमकं काय काय?

गेल्या वेळी सदराच्या शेवटी मी "संशोधनाबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा" एवढंच म्हटलं होतं. पंधरा दिवसांत टेबलावर पत्रांची चळत लागली. नव्या वाचकांसाठी सांगते : नागपुरातल्या एका ग्रंथालयात मी ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची १९ वर्षं प्रबंध विभागात. काळ्या रेक्झिनची बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरं. एकाच मांडणीत बोंडअळीवरचा प्रबंध आणि त्याला टेकून महानुभाव पोथ्यांवरचा. मी स्वतः पीएच.डी. केलेली नाही. पण ते प्रबंध लिहिणारी मुलं-मुली माझ्यासमोर बसून वाचत, अडत, रडत, पुन्हा उभी राहत. जे सांगते ते त्यांच्याकडून शिकलेलं.

प्रश्न : ताई, माझ्या पुतण्यानं एम.ए. मराठी केलं. आता महानुभावांच्या पोथ्यांवर पीएच.डी. करतो म्हणतो. विज्ञानात निदान औषध निघतं, यंत्र निघतं. जुन्या पोथीतले पाठभेद मोजून काय निघणार? यालाही संशोधनच म्हणायचं का?
(निवृत्त बँक कर्मचारी, महाल)

काका, तुमच्या पत्रात राग नाही, काळजी आहे. मुलाचं वय, नोकरी, लग्न सगळं त्या एका प्रश्नामागे उभं आहे. नोकरीचं शेवटी बोलते. आधी "काय निघतं" ते.

महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणींचा ग्रंथ म्हणजे लीळाचरित्र. म्हाइंभटांनी ते रचलं तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात. संप्रदायात सांगतात की मूळ प्रत पुढे परचक्राच्या धामधुमीत हरवली आणि ज्याला जे आठवत होतं त्यावरून ग्रंथ पुन्हा उभा केला. त्यामुळे त्याचे पाठ अनेक झाले. त्यात पंथानं पोथ्या सांकेतिक लिप्यांत लिहिल्या. सकळ लिपी ही त्यातली मुख्य, आणि तिचा उलगडा इतिहासाचार्य राजवाड्यांनी केला. आपल्या नागपूरचे डॉ. वि. भि. कोलते यांनी आयुष्यभर या पोथ्यांची कुळी लावली आणि १९७८ साली त्यांनी संपादलेलं लीळाचरित्र बाहेर आलं.

कुळी लावणं म्हणजे काय, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एक विद्यार्थी दोन प्रती शेजारी ठेवून बसे. लाल कापडाच्या बासनातून पोथी निघाली की वेखंडाचा वास खोलीभर पसरायचा. एका प्रतीत होतं "बीजें केलें", दुसरीत त्याच जागी "गेले". अर्थ एकच. स्वामींच्या जाण्याला त्या काळी आदरानं बीजें करणं म्हणत. तो मला म्हणाला, "मॅडम, 'गेले' आहे ती प्रत नंतरची वाटते. नकलून घेणाऱ्याला अवघड शब्द कळला नाही की तो सोपा करतो. सोपा शब्द उगाच कोणी अवघड करत नाही." मग एका शब्दावर न थांबता त्यानं असे दोनशेच्या वर शब्द तपासले, प्रत्येकाचं कार्ड केलं आणि कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली याचा वंशवृक्ष काढला. तीन ठिकाणी त्याचा अंदाज चुकला. ती तीन कार्डं त्यानं फेकली नाहीत, प्रबंधात दाखवली. काका, याला मी संशोधन म्हणते. चूक कुठे सापडू शकते ते आधी सांगायचं आणि सापडली की मान्य करायची. प्रयोगशाळेतला माणूस दुसरं काय करतो?

आणि निघतं काय? सातशे वर्षांपूर्वी आपल्याच वऱ्हाडातली माणसं कशी बोलत होती, काय खात होती, कोण कोणाच्या घरी पाणी पीत होतं, कोणत्या गावाहून कोणत्या गावाला वाट जात होती, ते निघतं. मराठीतलं सर्वांत जुनं मोठं गद्य नीट वाचता आलं नाही, तर या सगळ्याबद्दल आपण नुसत्या कल्पना करत बसू.

आणखी एक उदाहरण देते, कारण ते रामटेकजवळचं आहे आणि मला फार प्रिय आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी नागपुरात संस्कृतचे प्राध्यापक होते. प्राचीन काळी विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटकांचे ताम्रपट त्यांनी वाचले, १९६३ साली ते सगळे कोरीव लेख एका खंडात आले. त्या लिपीची अक्षरं ओळखू येतात, कारण प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर छोटी चौकोनी पेटी असते. या ताम्रपटांत राणी प्रभावतीगुप्ता भेटते. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटकांची सून, नवरा गेल्यावर लहान मुलाच्या नावानं राज्य चालवणारी. एका ताम्रपटावर दान दिल्याचं ठिकाण आहे नंदिवर्धन, म्हणजे आपलं नगरधन. कितीतरी वर्षं हे फक्त तांब्याच्या पत्र्यावर लिहिलेलं होतं. मग नगरधनला उत्खनन झालं आणि मातीत एक छोटीशी लंबगोल मुद्रा मिळाली. तिच्यावर ब्राह्मी अक्षरांत प्रभावतीगुप्तेचं नाव आणि शंख. ही बातमी वाचली त्या दिवशी मी घरात कोणाशी धड बोलले नाही, इतका आनंद झाला होता. ताम्रपट वाचणारे वेगळे, कुदळ घेऊन खणणारे वेगळे, आणि दोघांची साक्ष जुळली. जुळतेच असंही नाही. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजे पवनार असं मिराशींनी मांडलं. मनसरच्या उत्खननानंतर काही अभ्यासकांनी ते मनसरला नेलं. असा वाद पुराव्यानिशी चालतो तोवर विषय जिता आहे असं समजा.

आता नोकरी. मी खोटं सांगणार नाही, प्राध्यापकाची जागा मिळणं कठीण आहे. पुतण्याला पीएच.डी.सोबत नेट किंवा सेट काढायला सांगा, ते थांबवू नका. तो इतर मागासवर्गीय किंवा भटक्या-विमुक्त प्रवर्गात असेल तर महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेची अधिछात्रवृत्ती पाहा, मुख्यालय नागपुरातच आहे. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे, तिकडे लक्ष ठेवायला सांगा. आणि सकळ लिपी वाचणारी माणसं आज फार थोडी उरली आहेत. ती पोरानं शिकलीच पाहिजे. ते जाणणारे गेले की ती कपाटं मुकी होतील.

प्रश्न : मॅडम, मी काटोल तालुक्यातली आहे, नागपूरला बी.ए.ला आहे, विषय अर्थशास्त्र. बाबांची सहा एकर कोरडवाहू, विहिरीवर थोडं ओलित. मला कापसावर काम करायचं आहे, पण कृषीला नंबर लागला नाही. मग कापूस माझा विषय होऊ शकत नाही का? बाबा फरदड उपटत नाहीत, कृषी सहायक दरवर्षी ओरडून जातात, आणि मला दोघांचंही पटतं.
(विद्यार्थिनी, वसतिगृह, नागपूर)

बाळा, तुझं शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. तुझा विषय त्याच वाक्यात आहे.

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. कापसाची शेवटची वेचणी झाली की पऱ्हाटी उपटून टाकायची असते. ती न उपटता पाणी देऊन आणखी दोन-तीन महिने ठेवायची आणि मिळेल तेवढा कापूस काढायचा, याला फरदड म्हणतात. कृषी सहायक ओरडतात त्याला कारण आहे, आणि ते कारण एका कीटकशास्त्राच्या विद्यार्थिनीनं मला बांधावर उभं करून दाखवलं होतं. तिनं एक फूल तोडलं. पाकळ्या उमललेल्या नव्हत्या, एकमेकींना धाग्यानं शिवल्यासारख्या चिकटल्या होत्या, मिटलेल्या गुलाबाच्या कळीसारख्या. "ही डोमकळी," ती म्हणाली. नखानं उघडली तर आत परागकणांत लोळणारी एवढीशी पांढुरकी अळी. हीच मोठी झाली की गुलाबी होते, म्हणून नाव गुलाबी बोंडअळी. मग तिनं एक बोंड तोडलं. बाहेरून हिरवं, टणक, निरोगी. "आता बघा." चाकूनं कापलं तर आत रुई पिवळी-तपकिरी पडलेली, सरकी पोखरलेली. अळी लहान असतानाच आत शिरते आणि तिचं भोक बुजून जातं, म्हणून बाहेरून काही दिसत नाही. फवारा मारला तरी औषध आत पोचत नाही. अळीला मारक जनुक घातलेला बी.टी. कापूस २००२ साली आला, दोन जनुकांचा २००६ साली, आणि काही वर्षं ही अळी आटोक्यात होती. मग तिनं त्यालाही दाद देणं सोडलं. २०१७ साली विदर्भात काय झालं ते तुझ्या बाबांना विचार. फरदड उभी राहिली की अळीला उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत खायला मिळतं, तिची साखळी तुटत नाही आणि पुढच्या हंगामाला ती तयार असते. कीटकशास्त्र इथपर्यंत अगदी पक्कं आहे.

पण शेतात लावलेला तो कामगंध सापळा पाहिला आहेस ना? त्यात मादीच्या गंधाची गोळी असते, नर पतंग येऊन पडतात. शास्त्रज्ञ सांगतात, सलग ३ रात्री एका सापळ्यात रोज ८ पतंग मिळाले की उपाय करा. या आकड्याला नाव काय दिलं आहे ठाऊक आहे? आर्थिक नुकसानीची पातळी. म्हणजे फवारणीचा खर्च आणि वाचणारा कापूस यांचा हिशेब. कीटकशास्त्रज्ञानंच तुझ्या विषयाचं दार उघडून ठेवलं आहे, बाळा, तू फक्त आत ये.

बाबा फरदड का ठेवतात? त्यांना अळी कळत नाही म्हणून? सहा एकर करणाऱ्या माणसाला अळी आपल्यापेक्षा जास्त कळते. मग काय? फेब्रुवारीत हातात पैसा यायचा दुसरा मार्ग नाही? पऱ्हाटी काढून हरभरा पेरायला पाण्याची आणि विजेची खात्री नाही? कृषी केंद्राची उधारी तेव्हाच फेडायची असते? की शेजाऱ्यानं ठेवली तर मी एकट्यानं काढून काय उपयोग, पतंग त्याच्या शेतातून येणारच, असं वाटतं? हा शेवटचा प्रश्न अर्थशास्त्रात फार मोठा मानला जातो : सगळ्यांनी मिळून केलं तर सगळ्यांचा फायदा, एकट्यानं केलं तर त्याचाच तोटा. तुझ्या गावात तो पऱ्हाटीच्या रूपात उभा आहे. तीस-चाळीस घरं निवड. फरदड ठेवणारी आणि काढणारी दोन्ही घे, नाही तर फक्त एका बाजूची गोष्ट ऐकशील. शेवटच्या वेचणीचा कवडी, म्हणजे किडका-डागी कापूस काय भावानं गेला, पाणी किती वेळा दिलं, उधारी कोणाची, सगळं तारखेनिशी लिही. आणि फक्त बाबांना विचारू नकोस. आईला विचार. वेचणी बाया करतात, मजुरी किलोवर मिळते, आणि फरदडीत बोंडं कमी असल्यानं दिवसभर वाकून किती किलो भरतात, ते त्यांनाच माहीत.

तुझ्या वसतिगृहापासून थोड्या अंतरावर याच कापसावर किती प्रकारची माणसं काम करतात, ते एकदा बघून ये. वर्धा रोडवर केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, १९७६ पासून. अमरावती रोडवर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरो आहे. तिथली माणसं शेतात पुरुषभर खड्डा खणतात, आत उतरतात, ओली माती रंगांच्या तक्त्याशी लावून तिचा क्रमांक लिहितात. भारी काळ्या मातीत खाली चकचकीत, घासलेले पृष्ठभाग दिसतात, कारण माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि स्वतःवरच सरकते. मी असा एक तुकडा हातात घेतला आहे, पॉलिश केल्यासारखा गुळगुळीत. इतिहासाची माणसं अभिलेखागारात बसून विचारतात की १८६०च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचा भाव चढला आणि उतरला तेव्हा वऱ्हाडात काय झालं, १८६७ला नागपूरला रेल्वे आल्यानं काय बदललं, १ जानेवारी १८७७ला एम्प्रेस मिल सुरू झाली तेव्हा कोष्टी मागांचं काय झालं. आणि २०१७ साली यवतमाळला फवारणी करताना विषबाधा होऊन शेतमजूर दगावले, तो प्रश्न डॉक्टरांचा, कायद्याचा आणि समाजशास्त्राचा, तिघांचा मिळून. भाषेचं काम करणारा कोणी "डोमकळी", "फरदड", "कवडी", "पऱ्हाटी" हे शब्द गावोगाव गोळा करील तर तोही मला हवा आहे. कृषीला नंबर लागला नाही म्हणून कापूस तुझा राहिला नाही, असं पुन्हा लिहू नकोस.

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. अर्थशास्त्राला किंवा समाजशास्त्राला शास्त्र म्हणतात ते मला खटकतं. प्रयोगशाळा नाही, प्रयोग पुन्हा करून पाहता येत नाही. मग पुरावा कसला?
(शिक्षक, धरमपेठ)

सर, प्रयोग होतात. फक्त काचेच्या नळीत होत नाहीत.

गडचिरोलीचं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या जवळचं आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८९ साली दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून दाखवलं की ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एक तरी आजार होता. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजन एवढंच धरलं जाई. तिचं दुखणं कोणी मोजलंच नव्हतं. पुढे नवजात बाळांच्या मृत्यूंवर त्यांनी काम केलं. ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत बाया घरी जाऊन बाळाची काळजी घेत, ४७ गावांत नेहमीची सरकारी व्यवस्था चालू होती. दोन्हीकडे जन्म-मृत्यू सारख्याच काटेकोरपणे नोंदवले. १९९९ साली निष्कर्ष छापले तेव्हा तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट दिसली होती. तुलनेची ती ४७ गावं नसती तर कोणीही म्हणालं असतं, काळ सुधारला, पाऊसपाणी चांगलं झालं, म्हणून बाळं वाचली. तुमच्या प्रयोगात तुम्ही एकच गोष्ट बदलता आणि बाकी स्थिर ठेवता. इथे बाकी स्थिर ठेवता येत नाही, म्हणून शेजारी दुसरं गाव ठेवतात. आज आशाताई नवजात बाळाला पाहायला घरोघरी जातात, त्यामागे ही वह्यांमधली मोजणी आहे.

अर्थशास्त्रातलं दुसरं. सरपंचपदाच्या एकतृतीयांश जागा स्त्रियांना राखीव झाल्या, तेव्हा कोणतं गाव राखीव होणार हे गावाच्या इच्छेवर नव्हतं, यादृच्छिक पद्धतीनं ठरत होतं. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्तेर डुफ्लो यांनी पश्चिम बंगालच्या बीरभूम आणि राजस्थानच्या उदयपूर जिल्ह्यात तपासलं. स्त्री प्रमुख असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर जास्त काम केलं होतं, आणि पाण्याच्या तक्रारी बायाच जास्त करत होत्या. सरकारी चिठ्ठीनंच प्रयोग मांडून दिला, अभ्यासकांनी तो ओळखला. डुफ्लो यांना २०१९ साली अभिजित बॅनर्जी आणि मायकेल क्रेमर यांच्यासोबत नोबेल मिळालं ते अशा पद्धतीसाठीच.

पण प्रत्येक प्रश्नाचा असा प्रयोग होत नाही, आणि व्हावा असा हट्टही मी धरणार नाही. रुपयाचं मूल्य सोन्याशी बांधावं की नाही, याचा प्रयोग कोणत्या दोन गावांत करणार? दीक्षाभूमीवर आपण ज्यांना वंदन करतो त्या बाबासाहेबांनी हा प्रश्न लंडनच्या प्रबंधात घेतला, तो १९२३ साली पुस्तकरूपानं आला. चांदीचे भाव, विनिमयाचे दर, १८९३ साली टांकसाळी चांदीच्या खुल्या नाणेपाडणीला बंद झाल्या त्याचे परिणाम, सरकारी अहवाल, असं सगळं उलगडत त्यांनी ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ केन्सच्या मताशी मतभेद मांडला. त्याच माणसानं १९१६ साली कोलंबियात मानवशास्त्राच्या चर्चासत्रात जातीसंस्थेवर निबंध वाचला, तिथे त्यांचा पुरावा विवाहाच्या चालीरीतींचा होता. एकच बुद्धी, पण प्रश्न बदलला की पुराव्याची जात बदलली. माझ्या मांडणीसमोर एखादा विद्यार्थी "आमचंच खरं संशोधन" म्हणाला की मी त्याला ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून दाखवत असे.

प्रश्न : लोणार ५२ हजार वर्षं जुनं, असं आम्ही शाळेत शिकलो. आता मुलगा सांगतो ५ लाख ७० हजार. शास्त्रज्ञच असे बदलत असतील तर आम्ही विश्वास कशावर ठेवायचा?
(गृहिणी, मानेवाडा)

ताई, घड्याळ कोणतं वापरलं ते विचारा. ५२ हजार हा आकडा तापदीप्तीच्या पद्धतीनं आला होता. उल्का आदळल्यावर वितळून तयार झालेली काच तापवली की ती साठलेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपात सोडते, तो प्रकाश मोजून वय काढतात. २०११ साली आर्गॉन वायूच्या प्रमाणावरून मोजलं, तेव्हा वय ५ लाख ७० हजारांच्या आसपास आलं, पुढे-मागे सुमारे ४७ हजार वर्षं. जुनं मोजमाप करणारे खोटं बोलत नव्हते, त्यांच्या हातातलं घड्याळ वेगळं होतं. मुळात ते विवर उल्केचं की ज्वालामुखीचं, हाच वाद कित्येक वर्षं चालला. आघाताच्या प्रचंड दाबाखालीच बनणारी काच तिथल्या खडकांत दाखवून १९७३च्या सुमारास तो उल्केच्या बाजूनं मिटला. आकडा बदलल्याचं तुमच्या मुलाला कळलं, तेही त्यांनी नवं मोजमाप उघडपणे छापलं म्हणूनच. २०२०च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा किती अफवा उठल्या ते आठवतं ना? पुण्याच्या आघारकर संस्थेनं पाण्याचे नमुने तपासून खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्म जीव दाखवले आणि चर्चा थांबली.

प्रश्न : माझ्या पीएच.डी.चं तिसरं वर्ष आहे. एका नियतकालिकानं ई-मेल पाठवला की चार दिवसांत शोधनिबंध छापू, पैसे यूपीआयवर पाठवा. सोबतचे सगळे तिथेच छापतात. काय करू?
(संशोधक विद्यार्थी, नागपूर)

पाठवू नको. चार दिवसांत कोणीही कोणाचा निबंध तपासत नाही. तपासणं म्हणजे त्या विषयातल्या दोघा-तिघांनी तो वाचून "हे चुकलं, ते सिद्ध झालं नाही" असं लिहून परत पाठवणं. त्याला महिने लागतात. २०२२च्या नियमांत विद्यापीठ अनुदान आयोगानं प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापण्याची सक्ती काढली आहे. तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे ते लेखी विचारून घे, मित्रांच्या सांगण्यावर जाऊ नको. आयोगाची मान्य नियतकालिकांची यादी २०२५ साली बंद झाली, म्हणजे आता पारखण्याची जबाबदारी तुझ्यावर आणि मार्गदर्शकावर आहे. संपादक मंडळातल्या दोघांना सरळ पत्र लिहून विचार, तुम्ही खरंच यात आहात का?

हे मी इतकं तोडून का लिहिते ते सांगते. एकदा माझ्या टेबलावर दोन प्रबंध एकाच आठवड्यात आले, वेगवेगळ्या ठिकाणांहून. सूचीकरण करताना मी पानं चाळत होते. एकात पान ११२वर "परिस्थिती"ऐवजी "पीरस्थिती" छापलं होतं. दुसऱ्यात पान ९७वर तोच परिच्छेद, तीच चूक, त्याच जागी. जिचा मजकूर होता ती मुलगी दोन लहान लेकरं सासूपाशी ठेवून रोज बसनं येत असे, दुपारचा डबा जिन्यात बसून खात असे. मी वर कळवलं. फार काही झालं नाही. त्या संस्थेचं नाव मी लिहिणार नाही, पण ती दोन पानं मी विसरले नाही. आज प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन प्रबंधसंग्रहावर चढतात, साम्य तपासलं जातं, १० टक्क्यांच्या वर गेलं की कारवाईची तरतूद २०१८पासून आहे. त्या मुलीच्या वेळी हे नव्हतं. तू हे सगळं असताना वाकड्या वाटेला जाऊ नको.

प्रश्न : मी उमरेड भागात ३३ वर्षं गणित शिकवलं, आता निवृत्त आहे. संख्यांच्या काही गमती वहीत टिपून ठेवल्या आहेत. पदवी नाही, विद्यापीठ नाही. वय ६४. याला कोणी संशोधन म्हणेल का?
(निवृत्त शिक्षक, उमरेड)

गुरुजी, आपण ज्या वाटेवर आहात त्या वाटेवर देवळालीचे एक शाळामास्तर आपल्या आधी चालून गेले आहेत. द. रा. कापरेकर. पीएच.डी. नव्हती, शाळेत शिकवत होते, आणि ६१७४ या संख्येला आज जगभर त्यांच्या नावानं ओळखतात. इतर वाचकांना करून दाखवते. सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यायची. मी १९२३ घेते, नागपूर विद्यापीठाच्या स्थापनेचं वर्ष. अंक उतरत्या क्रमानं मांडले की ९३२१, चढत्या क्रमानं १२३९. वजाबाकी ८०८२. पुन्हा तेच : ८८२० वजा ०२८८, बरोबर ८५३२. पुन्हा : ८५३२ वजा २३५८, बरोबर ६१७४. आता ६१७४चं हेच केलं तर पुन्हा ६१७४च येतं. कोणतीही अशी संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच पोचता.

गणितात ना अळी पाळावी लागते, ना गावं मोजावी लागतात, ना बासनं सोडावी लागतात. पण तिथला नियम सर्वांत कडक आहे. हजार उदाहरणं जुळली तरी सिद्ध झालं असं होत नाही. प्रत्येक संख्येसाठी का जुळतं ते दाखवावं लागतं, आणि एक उलटं उदाहरण सापडलं की सगळं कोसळतं. म्हणून वहीतली प्रत्येक गंमत दोन रकान्यांत मांडा : कुठवर तपासली, आणि का होते त्याची सिद्धता सापडली का. सिद्धता नसेल तर तसं स्पष्ट लिहा, त्यात कमीपणा नाही.

वही झेरॉक्स करून पाठवा, मूळ प्रत हातची सोडू नका. माझ्या ओळखीत गणिताच्या दोन निवृत्त प्राध्यापिका आहेत, दोघी वाचायला तयार आहेत. त्या लाल शाईनं बरंच खोडतील, हे आधीच सांगून ठेवते.